पाठीवरचे ओझे

परदेशी पदयात्रेला कुणी निघाले की त्या घरात आठवडाभर आधीपासून एक दृश्य हमखास दिसते. बैठकीच्या खोलीत सतरंजीवर कपड्यांच्या घड्या, औषधांच्या पट्ट्या, विजेऱ्या, खाऊचे डबे आणि दोऱ्यांची भेंडोळी मांडलेली असतात. येणारा-जाणारा त्यांत एखाद्या वस्तूची भर घालतो. आई लाडवांचा डबा ठेवते, काका आपली जुनी लोकरी शाल आणून देतात, शेजारी छत्री घेण्याची आठवण करतात. "असू दे, लागली तर!" हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते आणि अखेर पिशवीवर गुडघा टेकूनच तिचे तोंड बंद करावे लागते. तयारी झाली, असे समाधान मग सर्वांना वाटते. वस्तुतः तयारी अजून व्हायचीच असते. झालेले असते ते ओझे. ह्या दोहोंतला फरक पहिल्याच चढावर कळतो, पण तोवर पिशवी उघडून काही काढून ठेवण्याची वेळ निघून गेलेली असते.

हा फरक एका ठरावीक उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल. नेपाळातील अन्नपूर्णा शिखराच्या पायथ्याचा तळ पायी गाठायचा आणि त्याला जोडून पोखरा व काठमांडू ही दोन शहरे पाहायची, असा बारा-पंधरा दिवसांचा कार्यक्रम मराठी मंडळींत आता चांगलाच रुळला आहे. दहा-बारा जणांची तुकडी जमते. त्यांत विशीतला विद्यार्थी असतो, तशी साठी ओलांडलेली निवृत्त शिक्षिकाही असते. नेपाळ शेजारचा देश, भारतीयांना प्रवेशपत्र लागत नाही, भाषा थोडीफार समजते. त्यामुळे हा प्रवास सोपा असल्याचा समज सहज होतो. नकाशा पाहिला म्हणजे तो समज थोडा सैल पडतो.

पोखरा हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. तिथून गाडीने काही अंतर गेल्यावर पायवाट सुरू होते आणि घान्द्रुक, छोमरोंग अशा गुरुङ वस्तीच्या गावांवरून मोदी खोलाच्या अरुंद दरीत शिरते. देउराली सुमारे ३,२०० मीटरांवर, माछापुच्छ्रे तळ ३,७०० मीटरांवर आणि अन्नपूर्णा तळ ४,१३० मीटरांवर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे हा नुसता पायथ्याचा तळच त्याच्या अडीचपट उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. ऑक्टोबरमध्ये पोखऱ्याला दुपारी सुती सदरा पुरतो, आणि त्याच आठवड्यात तळावरच्या रात्री पारा शून्याखाली जातो. एकाच पिशवीला उन्हाळा, पाऊस आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू सांभाळायचे असतात. शिवाय परतल्यावर काठमांडूच्या देवळांतून आणि बाजारांतून नीटनेटके हिंडायचेही असते.

अशा प्रवासाची पहिली तयारी पिशवीत मावत नाही. ती पायांत आणि दिनदर्शिकेत करावी लागते. ह्या वाटेवर हजारो दगडी पायऱ्या आहेत. छोमरोंगहून पायऱ्यांनी खोल ओढ्यापर्यंत उतरावे लागते, पलीकडे तितकेच चढावे लागते, आणि परतताना हेच पुन्हा. चढणाऱ्याची छाती भरून येते, पण गुडघे बोलू लागतात ते उतरणीवर. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन महिने आठवड्यातून तीन-चार दिवस जिने चढावे व उतरावे. पाठीवर आधी दोन किलो, मग चार, मग सहा किलो वजन घ्यावे. सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्यांना राजगड किंवा हरिश्चंद्रगड आहे. सपाट प्रदेशात राहणाऱ्यांना इमारतीचा जिना कुठेही मिळतो. दिनदर्शिकेतली तयारी म्हणजे एखादा रिकामा दिवस. सुट्टी संपण्याच्या आदल्या संध्याकाळी विमान घरच्या गावी उतरेल, असा कार्यक्रम आखणाऱ्या तुकडीला वाटेत पाऊस, दरड किंवा कुणाचा ताप परवडत नाही. आणि जे परवडत नाही त्याकडे डोळेझाक करण्याचा मोह होतो. रिकाम्या दिवसाला वजन नसते, पण सामानाच्या यादीत त्याचे स्थान सर्वांत वर असावे.

आता वस्तूंकडे वळावे. अन्नपूर्णेच्याच इतिहासात ह्या विषयाचा एक धडा आहे. ३ जून १९५० रोजी मोरिस एर्झोग आणि लुई लाशेनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक उत्तरेच्या बाजूने चढून ८,०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोहोचले. आठ हजार मीटरांवरील शिखर माणसाने प्रथमच सर केले ते त्या दिवशी. उतरताना एर्झोगने पाठपिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढून ठेवले आणि पाहता पाहता ते उतारावरून घसरत खाली गेले. त्याच्या पिशवीत पायमोज्यांचा जादा जोड होता. तो हातांत घालता आला असता. पण विरळ हवेत थकलेल्या मेंदूला त्याची आठवणच झाली नाही. उघड्या हातांनी तो उतरला, आणि हिमदंशाने त्याला हातापायांची बोटे गमवावी लागली. लाशेनालच्या पायांची बोटेही गेली. पायथ्याच्या तळापर्यंत चालणाऱ्यांवर इतका कठीण प्रसंग येत नाही. तरीही पिशवी भरताना दोन गोष्टी ह्यातून घेण्याजोग्या आहेत. जी वस्तू हरवली असता अवयवाला धोका पोहोचतो, तिचा एक जादा जोड असावा. आणि पिशवीत काय आहे व कुठे आहे, हे शांत डोक्याने इतक्या वेळा घोकलेले असावे की थकव्यात, अंधारात हात आपोआप तिथे जाईल. म्हणून ज्याची पिशवी त्यानेच भरावी. घरच्यांनी प्रेमाने भरून दिलेली पिशवी प्रवासात परकीच राहते.

जिथे खर्चाची काटकसर करू नये अशी पहिली वस्तू म्हणजे जोडे. ते निघण्याच्या आठवड्यात विकत घेतले, तर तिसऱ्या दिवशी टाचांना फोड येतात. नवे जोडे किमान महिनाभर पायात घालून मळवावेत. कपाटात पाच-सात वर्षे ठेवलेले जुने जोडेही तितकेच फसवे असतात. त्यांच्या तळव्याचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आतून कुजलेला असतो आणि दिसायला धडधाकट असलेला तळवा चालताना अकस्मात सुटून येतो. विमानप्रवासात हे जोडे पायांतच ठेवावेत. पिशवी चुकून दुसऱ्या शहरी गेली तर कपडे उसने मिळतात. सवयीचे जोडे मिळत नाहीत.

कपड्यांच्या बाबतीत जाड एकापेक्षा पातळ तीन बरे. अंगालगत घाम पटकन वाळवणारा सदरा, त्यावर लोकरीचा किंवा तत्सम ऊबदार कपडा, आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट. चढताना एकेक थर उतरवायचा, थांबताच चढवायचा. सुती कापड आपल्याकडच्या उकाड्यात सुखाचे, पण थंडीत तेच घाम धरून ठेवते आणि अंग गार पाडते. ते शहरासाठी राखावे. चालण्याचे दोन जोड, झोपण्याचा एक कोरडा जोड, पायमोजे तीन-चार, कान झाकणारी टोपी, हातमोजे दोन, आणि काळा चष्मा. हिमावरून उसळणारे ऊन उघड्या डोळ्यांना भाजून काढते. डोक्याला बांधायची विजेरी अवश्य असावी. थंडीने तिच्या बॅटरीचा जोर मंदावतो, म्हणून रात्री ती झोपेच्या पिशवीत जवळ घेऊन निजावे. पावसासाठी पाठपिशवीवरचे आच्छादन पुरत नाही. पाणी पाठीच्या बाजूने झिरपतेच. आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सारे सामान तिच्यात भरणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. ऊबदार झोपेची पिशवी आणि पिसांचे जाकीट ह्या महागड्या वस्तू काठमांडूतील ठमेल भागात किंवा पोखऱ्याच्या सरोवराकाठी भाड्याने मिळतात. एका प्रवासासाठी त्या विकत घेण्याचे कारण नाही.

डोंगर आणि शहर हे दोन्ही एकाच फेरीत साधायचे असल्याने सामानाचे दोन भाग आरंभापासूनच वेगळे ठेवावेत. काठमांडू, पाटण, भक्तपूर येथे घालायचे कपडे, सुती वस्त्रे, चपला, भेटवस्तू हे सारे एका हलक्या थैलीत भरून पोखऱ्याच्या वसतिगृहात ठेवून द्यावे आणि परतताना उचलावे. बहुतेक ठिकाणी अशी सोय होते. शहरासाठी लागते तरी किती? पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात चामड्याची वस्तू नेऊ देत नाहीत, म्हणून कापडी पट्टा आणि कापडी पाकीट असावे. रस्त्यांवर धूळ फार, म्हणून नाकावर बांधायचा रुमाल असावा. आणि डोंगरातून आलेल्या पायांना मऊ चपला असाव्यात. इतक्या सामानावर भक्तपूरच्या विटांच्या चौकात एक दिवस आनंदात जातो.

इथवर आलेली गोष्ट ज्याच्या-त्याच्या सोयीची. ओझ्याचा खरा प्रश्न पुढे आहे. अशा पदयात्रेत बहुतेक तुकड्या सामानासाठी भरिया घेतात. सामान वाहणाऱ्याला नेपाळीत भरिया म्हणतात. वेताच्या किंवा बांबूच्या डोक्यात, म्हणजे निमुळत्या टोपलीत, अथवा दोरांनी एकत्र बांधलेल्या थैल्यांत तो ओझे भरतो, आणि नाम्लो नावाचा पट्टा कपाळावर घेऊन सारा भार मानेवर व पाठीवर तोलतो. सामान्यतः दोन प्रवाशांमागे एक भरिया असतो. म्हणजे घरी सतरंजीवर बसून "असू दे, लागली तर" म्हणत टाकलेली दोन किलोंची वस्तू दुसऱ्या प्रवाशाच्या तशाच दोन किलोंना जाऊन मिळते, आणि चार किलो होऊन एका तिसऱ्याच माणसाच्या कपाळावर बसते. ह्या तिसऱ्या माणसाला यादी करताना कुणी विचारलेले नसते.

भरियांच्या वाट्याला येणारी हेळसांड हा पर्वतप्रवासातला जुना दोष आहे. डोंगरातला माणूस म्हणून त्याला थंडी वाजत नाही, उंची बाधत नाही, असा एक सोयीस्कर समज असतो. प्रत्यक्षात अनेक भरिये खालच्या, उष्ण दऱ्यांतले शेतकरी असतात, आणि उंचीचा त्रास त्यांनाही तितकाच होतो. आजारी पडलेल्या एका तरुण भरियाला एकट्यालाच खाली धाडल्याने त्याचा मृत्यू ओढवला, त्यानंतर १९९७ साली भरियांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिची सूत्रे सरळ आहेत: त्याला उंचीला साजेसे कपडे व जोडे हवेत, निजायला निवारा हवा, विमा हवा, प्रवाशाला मिळेल तोच औषधोपचार हवा, आणि आजारी भरियाला एकट्याने खाली पाठवता कामा नये. तुकडीने व्यवस्थापकाशी बोलणी करताना दर विचारण्याबरोबर हे पाच प्रश्नही विचारावेत. आणि प्रत्येकाने भरियाकडे द्यायची आपली थैली दहा किलोंच्या आत ठेवावी. घरचा वजनकाटा त्यासाठीच आहे. पाणी, पावसाचे जाकीट, औषधे, कागदपत्रे, थोडा खाऊ असे पाच-सहा किलो मात्र स्वतःच्याच पाठीवर असावेत. कारण भरियाची चाल वेगळी असते, आणि पाऊस सुरू झाला तेव्हा जाकीट त्याच्या टोपलीत पुढच्या गावी पोहोचले, असे होऊ नये.

खाद्यपदार्थांविषयी मराठी मंडळींना दोन शब्द सांगावे लागतात. चकल्या, शंकरपाळे, चिवडा, दशम्या ह्यांवाचून प्रवास होऊ शकतो, हे पटायला वेळ लागतो. ह्या वाटेवर दर एक-दोन तासांवर भोजनगृहे आहेत. त्यांच्या खोल्यांचे भाडे कमी असते ते अशा संकेतावर, की निजणारा तिथेच जेवेल. तिथे राहून घरचे डबे उघडणे म्हणजे त्या घराच्या चुलीवर पाणी ओतण्यासारखे आहे. दाळ, भात, भाजी आणि लोणचे असे गरम ताट सर्वत्र मिळते, आणि चालून आलेल्या पोटाला तेच मानवते. छोमरोंगच्या पुढचा प्रदेश माछापुच्छ्रेच्या पावित्र्यामुळे देवस्थान मानला जातो. तिकडे मांस नेऊ नये, ही गावकऱ्यांची प्रथा पाळावी. सोबत शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भाजलेले चणे आणि चवीपुरते आमसूल एवढे पुरे. बाटलीबंद पाण्याचा नाद सोडावा. त्या बाटल्यांचा कचरा दरीतून खाली कोण आणणार? लिटरभराच्या दोन पक्क्या बाटल्या आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या घेतल्या म्हणजे प्रश्न मिटतो.

काही वस्तू प्रत्येकाने न घेता तुकडीने मिळून घ्यायच्या असतात. बारा जणांनी बारा औषधपेट्या नेण्यापेक्षा एक पेटी विचाराने भरावी: ताप व वेदनेवरच्या गोळ्या, क्षार-साखरेची पुडी, जुलाबाची औषधे, फोडांसाठी चिकटपट्ट्या, मुरगळल्यास बांधायची पट्टी, तापमापी. सुई-दोरा, जाड चिकटपट्टी, चाकू आणि दोरी ह्यांचा एकच संच पुरतो. ज्याची रोजची औषधे असतील, त्याने ती दोन भागांत विभागून अर्धी सोबत्याकडे ठेवावीत.

कागदपत्रांत भारतीयांना सवलत असली तरी गाफील राहून चालत नाही. विमानाने नेपाळात जाताना पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. पंधरा ते पासष्ट वर्षे वयाच्या प्रवाशाला आधार कार्डावर प्रवेश मिळत नाही, आणि ह्याच कारणाने विमानतळावरून परत फिरण्याची पाळी काहींवर येते. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना काढावा लागतो, त्यासाठी छायाचित्रे जवळ असावीत. परदेशी पदयात्रींनी परवानाधारक वाटाड्या सोबत घ्यावा, असा नियम नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून केला आहे. विमा घेताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात धरला आहे काय, हे वाचून घ्यावे. स्वस्त विमा पुष्कळदा तळाच्या खालीच संपतो. भारतीय नोटांसंबंधीचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि वाटेवरच्या खर्चापुरती नेपाळी रोकड पोखऱ्यातच घ्यावी. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायलाही विसरू नये.

राहता राहिली ती सर्वांत अवघड तयारी. ती मनाची आणि आपसांतल्या बोलण्याची. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही शरीराची सूचना असते. सूचना मिळाली की त्या दिवशी वर जाऊ नये. त्रास वाढला, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे. ह्या उपायाला पर्याय नाही. प्रतिबंधासाठी गोळी असते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, आणि ती उतरण्याची जागा घेऊ शकत नाही. हे सारे पुस्तकांत असते, बहुतेकांनी वाचलेलेही असते. तरीही माणसे चालत राहतात, आणि एकट्यापेक्षा गटातून जाणारी अधिक. आपल्यामुळे अकरा जणांचा कार्यक्रम बिघडेल, ह्या संकोचाने डोकेदुखी लपवली जाते. संध्याकाळी विचारले तर "काही नाही, जरा दमलो" असे उत्तर मिळते. सौजन्यापोटी बोललेले हे खोटे उंचीवर फार महाग पडते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ह्याच अन्नपूर्णा परिसराच्या उत्तर भागात, थोरोंग खिंडीच्या आसपास, अवेळी हिमवादळ झाले. बंगालच्या उपसागरातून विशाखापट्टणमवर आदळलेल्या 'हुदहुद' चक्रीवादळाचे अवशेष हिमालयापर्यंत जाऊन थडकले होते. चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत परदेशी प्रवासी होते, भारतीय होते, आणि त्यांना वाट दाखवणारे व त्यांचे सामान वाहणारे नेपाळीही होते. ऋतू उत्तम म्हणून नावाजलेला होता. वादळाची वार्ता वरपर्यंत पोहोचली नाही, आणि कित्येकांच्या अंगावर अशा थंडीला पुरेसे कपडे नव्हते. अशा वेळी थांबणे किंवा परत फिरणे हेच शहाणपण ठरते. पण तो निर्णय वादळात चर्चा करून घेता येत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी सर्वांनी एकदा एकत्र बसावे, आणि तिकिटांचा हिशेब आटोपल्यावर तीन गोष्टी मोकळेपणाने ठरवाव्यात. प्रत्येकाने आपला रक्तदाब, दमा, मधुमेह, जुने दुखणे निदान नायकाला सांगावे. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने तुकडी चालेल आणि त्याच्या मागे नेहमी एक जण असेल, हे कबूल करावे. आणि वाटाड्याने किंवा नायकाने "परत फिरू" म्हटले तर त्यावर वाद घालायचा नाही, खाली उतरणाऱ्याबरोबर कोण उतरेल, हेही नावानिशी ठरवून टाकावे. ज्याला आपल्याबरोबर कोण उतरणार हे आधीच ठाऊक आहे, त्याला आपली डोकेदुखी सांगताना संकोच वाटत नाही.

एवढी तयारी झाल्यावर पुन्हा सतरंजीवरच्या पसाऱ्यापाशी यावे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन दोन प्रश्न विचारावेत: ही नसली तर कुणाचे काय अडेल, आणि ही असली तर कुणाला वाहावी लागेल? पसारा पाहता पाहता निम्म्यावर येतो. काकांची शाल काकांकडे परत जाते. आईचा लाडवांचा डबा मात्र पुरता नाकारू नये. त्यातले बारा लाडू काढून घ्यावेत, जितकी माणसे तितके, आणि वाटेत ज्यांच्या पाठीवर आपले सामान असेल त्यांचेही त्यांत मोजावेत. तळावर पहाटे अन्नपूर्णेच्या माथ्यावर पहिले ऊन उतरते, तेव्हा वाटून खायला तेवढे पुरतात.